मनःशांती, पाने २४०

दात दुखला की माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो, डोळा दुखला की डोळ्यांच्या. मन दुखले की मात्र तो पुस्तकांच्या दुकानात शिरतो. तिथे त्याच्यासाठी तीन फळ्या सज्ज असतात : मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व विकास आणि अध्यात्म. पहिली फळी सांगते, तुमच्यात काहीतरी बिघडले आहे. दुसरी सांगते, बिघडले वगैरे काही नाही, तुम्ही स्वतःला अजून नीट वापरलेलेच नाही. तिसरी सांगते, मुळात ‘तुम्ही’ असे कोणी नाहीच. पैसे मात्र तिन्ही फळ्यांचे एकाच गल्ल्यावर घेतले जातात, आणि ते ‘तुम्ही’च द्यायचे असतात!

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मी या फळ्यांपुढे पुष्कळ तास काढले आहेत. त्यातली मधली फळी सर्वांत गुटगुटीत. ‘तुम्ही तुमच्यासारखे व्हा’ असे सांगणाऱ्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. म्हणजे हजारो माणसे एकाच पानावरून, एकाच पद्धतीने, आपापल्यासारखी होत असणार! सॅम्युएल स्माइल्स या गृहस्थाने १८५९ साली ‘सेल्फ हेल्प’ नावाचे पुस्तक काढले. आपली मदत आपणच करावी हे कळायला माणसाला तेव्हापासून दुसऱ्याची मदत लागते आहे.

बरे, पुस्तक निवडायचे कसे? बहुतेक लोक मधले एखादे पान उघडतात, चार ओळी वाचतात आणि म्हणतात, “अहो, हा तर मीच!” झाले, पुस्तक पिशवीत पडले.

इथेच खरी मेख आहे. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली. मग प्रत्येकाच्या हाती त्याच्या स्वभावाचे वर्णन ठेवले आणि ते कितपत जुळते याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी निघाली ४.२६. एवढे गुण आपल्याकडे प्रॅक्टिकललासुद्धा मिळत नाहीत! नंतर कळले, की सगळ्यांच्या हाती मजकूर एकच होता आणि तो बहुतांशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तुमच्या अंगात गुण पुष्कळ, पण ते वापरले गेलेले नाहीत, अशा अर्थाचे एक वाक्यही त्यात होते. मधली फळी आठवली ना? तेव्हा ‘हा तर मीच’ या आनंदाला पुराव्याची किंमत नाही. आरसा चांगला की वाईट, हे आपण त्यात किती छान दिसतो यावरून ठरत नसते.

हे सारे हसण्यावारी नेता येते, पण ते गरज आपली नसते तोवर. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांची पत्नी गेली. दोनतीन महिन्यांनी ते जिन्यात भेटले आणि म्हणाले, “तुम्ही वाचणारे आहात. एखादं पुस्तक सांगा हो. संध्याकाळ सरत नाही.” माझ्या डोळ्यांपुढून तिन्ही फळ्या भराभर सरकल्या. या माणसाच्या हाती दुःख जिंकण्याचे एकवीस मार्ग कोणत्या तोंडाने ठेवायचे? पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आत्मा अमर असल्याची बातमी तरी कशी द्यायची?

मी त्यांना व्हिक्टर फ्रँकलचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ दिले. व्हिएन्नाचा हा मनोविकारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत सुटला. आई, वडील, भाऊ आणि बायको मात्र गेली. १९४५ साली त्याने अवघ्या नऊ दिवसांत हे पुस्तक सांगून लिहवले, आणि त्यावर स्वतःचे नावही घालायचे नाही असा त्याचा मूळ बेत होता. आपला फोटो मुखपृष्ठावर छापणाऱ्या मनःशांतिवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

पंधरा दिवसांनी गृहस्थांनी पुस्तक परत आणून दिले. म्हणाले, “उपाय काही सांगितला नाही हो त्यानं. पण सोबत झाली.”

तेव्हापासून मी पुस्तक चाळताना लेखक काय देऊ करतो हे पाहत नाही. त्याने स्वतः काय मोजले आहे ते पाहतो. फ्रॉइडच्या स्वप्नांवरच्या ग्रंथाच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षे लागली. जे. कृष्णमूर्तींसाठी १९११ साली एक संघ उभा केला गेला होता. १९२९ साली त्यांनी तो स्वतःच मोडला आणि अनुयायांना सांगितले, की कुणाच्या मागे जाऊ नका. दुकानदार आज त्यांची पुस्तके गुरूंच्या रांगेत लावतो, त्याला कृष्णमूर्ती तरी काय करणार!

शिवाय एक घरगुती कसोटी आहे. वाचता वाचता ‘हे अगदी हिला वाचायला दिलं पाहिजे’ असे वाटू लागले, तर पुस्तक अजून आपल्यापर्यंत पोचलेले नाही असे खुशाल समजावे. ज्या पानावर दुसऱ्या कोणाचे नाव सुचत नाही आणि पान उलटायचा हात जरा थबकतो, तिथे काहीतरी आहे. अशा पुस्तकाचा परिणाम आपण चारचौघांत सांगायचा नसतो. तो घरच्यांच्या लक्षात यावा लागतो. चहा गार मिळूनही आपण गप्प बसलो आणि आतून काळजीचा आवाज आला, “बरं वाटत नाहीये का?”, म्हणजे समजावे, पैसे वसूल!