तुला काय हवे?



आजारी माणसाला उपचारात सर्वांत मोलाचे काय वाटते? आपण चटकन म्हणू, ‘बरे होणे.’ हे उत्तर खोटे नाही. पण ते बहुधा निरोगी माणसांनी दिलेले असते. खाटेवरच्या माणसाला कोणी विचारतच नाही.

आपल्या गोंदियाला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात मात्र हे विचारले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी गोंड आदिवासींनाच विचारले. लोक मोकळेपणी बोलले. मोठ्या इमारतीत ते बावरून जात. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत दिसत, आणि पांढऱ्या कापडात तर मृताला गुंडाळतात! शिवाय रुग्णाला आत ठेवून घरच्यांना बाहेर काढीत.

ही उत्तरे ऐकून शोधग्रामात जे रुग्णालय उभे राहिले, ते आदिवासी गावासारखे, झोपड्यांचे. रुग्णाजवळ त्याचे आप्त राहू शकतात. रुग्णालयाला नावही आदिवासींच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे आहे.

कोणी म्हणेल, औषध चांगले असले म्हणजे झाले, झोपडी काय आणि इमारत काय! डॉक्टरांचे कौशल्य हवेच, त्यात सूट नाही. पण घाबरलेला माणूस दवाखान्याची पायरीच चढला नाही, तर ते कौशल्य कोणाच्या कामी येणार? मान आणि विश्वास यांपासूनच उपचार सुरू होतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली मांडले, की माणसाला केवळ साधन समजू नये. तो स्वतःच साध्य आहे. रुग्णाच्या बाबतीत याचा अर्थ सोपा आहे. ‘खाट नंबर सात’ला नाव आहे, भीती आहे, मत आहे. त्याचे भले करतानाही त्याला विचारणे आपण त्याचे देणे लागतो.

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय प्रभू येशूला हाका मारीत होता. त्याला काय हवे, हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने आधी त्यालाच विचारले. त्याच्या तोंडून ऐकले, मग दृष्टी दिली.

आपल्या प्रतापगड परिसरातले आजारी अर्जुनी-मोरगावला, गोंदियाला, कधी नागपूरला जातात. गाडीभाडे, डबा, पैसे यांची धावपळ आपण मनापासून करतो. पण खाटेजवळ बसल्यावर आपण बोलतो नातेवाइकांशी, आणि रुग्ण छताकडे पाहत राहतो. ऑपरेशन करायचे की नाही, घरी न्यायचे की नाही, हेही पुष्कळदा त्याच्या डोक्यावरून ठरते.

या आठवड्यात आपण एका आजारी व्यक्तीला भेटू या. सल्ला थोडा बाजूला ठेवू, खुर्ची जवळ ओढू आणि विचारू, ‘तुम्हाला काय हवे?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबू.