अर्जावरची सही

फादरनी अर्ज माझ्याकडे सरकवला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला काही कबूल करायचं नाहीये. वचन हा देतोय. ते तुम्हाला माहीत असावं, एवढंच."

मी वसईचा कॅथलिक. ती डोंबिवलीची, घरी दीड दिवसाचा गणपती. आमच्या लग्नाला चर्चची खास परवानगी लागते आणि त्यासाठी कॅथलिक माणसाने दोन गोष्टी मान्य करायच्या असतात. एक, मी माझी श्रद्धा सोडणार नाही. दोन, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती याच श्रद्धेत वाढावीत म्हणून मला शक्य ते सगळं करीन. हे मी आधी वाचलं होतं. ॲप टाकताना अटी वाचतात तसं, खाली स्क्रोल करत.

रिक्षा स्टँडपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "वचन तुझं आहे, पण त्यातली मुलं माझीही आहेत. आणि तू नेहमी सांगतोस, तुमच्या घराचा पाया श्रद्धा आहे. मग मी त्या घरात कुठे उभी राहू?"

मला उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडे लग्नाच्या मिस्सेला एक दाखला बऱ्याचदा ऐकू येतो, मत्तयच्या शुभवर्तमानातला. एकाने खडकावर घर बांधलं, दुसऱ्याने वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. एक टिकलं, एक कोसळलं. लहानपणापासून माझा समज असा की खडकावरची घरं आमची, वाळूवरची बाकीच्यांची. म्हणजे आम्ही पास. त्या रात्री तो उतारा नीट वाचला. वाळूवर बांधणाऱ्यानेही येशूचे शब्द ऐकलेले आहेत! तोही ऐकणाऱ्यांतलाच, कदाचित पहिल्या बाकावर बसणारा. फक्त ऐकलेलं त्याने केलं नाही. आणि पाऊस दोन्ही घरांवर सारखाच पडतो.

मग मला आमचं घर आठवत गेलं. संध्याकाळी आठ वाजता आजी अल्तारासमोर मेणबत्ती लावायची. टीव्ही बंद, सगळे गुडघ्यांवर, रोझरी सुरू. मला पेंग यायची. तेव्हा बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. वाडीच्या वाटणीवरून. जमिनीला भाव आल्यावर वसईतल्या बऱ्याच घरांत झालं तेच. एका छपराखाली दोन चुली. तरी रोझरीला दोघे एका खोलीत यायचे, कारण आजीला नाही म्हणायची हिंमत कुणातच नव्हती. आणि येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत माफीची ती अट रोज दोघांच्या तोंडून जायची: आम्ही दुसऱ्याला माफ करतो, तसं तू आम्हाला कर. किती धोक्याचं मागणं आहे हे! मागणारा स्वतःच्याच विरोधात सही करून देतो. या दोघांनी ती सहा वर्षं रोज केली.

एका रात्री काका त्या ओळीवर अडले. पुढे म्हणेचनात. आजीने आवाज चढवून सांभाळून घेतलं. त्यानंतरच्या सोमवारी दोघांनी जमिनीच्या मोजणीचा अर्ज एकत्र भरला. मिठी, अश्रू असलं काही झालं नाही. विहिरीकडची बाजू काकांना गेली, बाबा अजून त्यावर कुरकुरतात.

प्रार्थनेने भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. सहा वर्षं मिटलं नव्हतंच. पण रोज अर्धा तास त्या दोघांना एका खोलीत बसावं लागलं, आणि आपण काय करत नाही आहोत ते स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं.

इथे थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. पण बाबांच्या एका चुलत बहिणीकडेही रोज रोझरी व्हायची. नवरा पिऊन मारायचा आणि आठला गुडघ्यांवर यायचा. आत्याला सगळे सांगायचे, हा तुझा क्रूस आहे, सहन कर, घर मोडू नको. पत्नीने पतीच्या अधीन राहावं हे पौलाचं म्हणणं तिला ऐकवायचे. त्याच्या अगदी आधी पौलाने एकमेकांच्या अधीन राहा असं लिहिलंय, आणि पुढे पतीने पत्नीसाठी स्वतःला द्यावं असं लिहिलंय. ते ऐकवायला मात्र कुणी आलं नाही. जोडीदारामुळे गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्याच १९८३च्या कायद्यात आहे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबावर लिहिलेल्या 'आमोरिस लेतित्सिया'त तर वेगळं होणं कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं असं म्हटलंय. आत्या यातलं काही न वाचता एका पहाटे माहेरी निघून आली. त्या घराचा पायाही श्रद्धाच होती. फक्त त्याचं सगळं वजन एकट्या तिने पेलायचं होतं.

आणि टिळकांचं घर? ना. वा. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाईंना सोबत न घेता. श्रद्धेने त्या घरात आधी संसार मोडला. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. 'स्मृतिचित्रे' वाचताना मी टिळकांवर जाम चिडलो होतो. माणूस लहरी, तापट, हातात पैसा टिकत नाही, आणि एवढा मोठा निर्णय एकट्याने! पण पुन्हा एकत्र आल्यावर लक्ष्मीबाई आपलं सोवळं पाळत राहिल्या आणि टिळकांनी पाळू दिलं. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो नंतर, १९०० साली, जातिभेद माणसांनीच केलेला आहे हे स्वतःला पटल्यावर. एका घरात दोन श्रद्धांचा तो मधला काळ मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हा टिळकांची श्रद्धा त्यांच्याकडूनच काहीतरी मागत होती, वाट बघणं मागत होती. त्यांच्यासारख्या तापट माणसाला ते सोपं गेलं नसणार.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं आणि शेवटाकडे चाचरलो, कारण शेवटी लक्ष्मीबाई ख्रिस्ती होतातच.

"म्हणजे मीही होईन असं वाटतंय तुला?"

नाही म्हणालो. मग म्हणालो की मनाचा एक कोपरा हो म्हणतोय, आणि त्याच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम आहे, तुझं नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. "आणि मुलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी त्यांना रोझरीला बसवीन. तू त्यांना गणपतीला नेशील तेव्हा आडवा येणार नाही. हे फादरनाही सांगेन, मग ते काय म्हणायचं ते म्हणोत.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. आजीचे गुडघे गेलेत, ती आता खुर्चीत बसून म्हणते. शेजारच्या खुर्चीत ही, फोन पालथा ठेवून. संपल्यावर आजीने तिला केळी दिली. जाताना तिने मला हळूच विचारलं, "तुझे काका अडले होते ती ओळ कुठली?"

मी सांगितली. तिने एकदा मनातल्या मनात म्हणून बघितली.

अर्ज अजून माझ्या बॅगेत आहे, लॅपटॉपच्या कप्प्यात. फादरनी शनिवारी बोलावलंय, दोघांनाही.