हाताची सुलभता आणि निवाड्याची सुलभता

व्हिडिओ गेममधील हिंसेची चर्चा बहुधा परिणामांच्या अंगाने होते. असे खेळ खेळणारे मूल उद्या प्रत्यक्षात हात उगारील काय, हा त्या चर्चेचा मध्यवर्ती प्रश्न असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘ब्राउन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन’ या खटल्यात, अज्ञान मुलांना हिंसक खेळ विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा रद्द ठरविला. हे खेळही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत येतात असे न्यायालयाने मानले आणि पुढे ठेवलेल्या अभ्यासांतून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असेही नोंदविले. परंतु असा परिणाम होत नाही हे गृहीत धरले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. खेळताना, त्या क्षणी, जो आनंद होतो तो नेमका कशाचा? हा प्रश्न मानसशास्त्राच्या किंवा कायद्याच्या हवाली करता येत नाही. तो आस्वादाच्या स्वरूपाविषयीचा प्रश्न आहे आणि म्हणून समीक्षेचा आहे.

या खेळांतील झुंज सोपी आणि सुखद वाटते, ती योगायोगाने नव्हे. ‘स्ट्रीट फायटर टू’ (१९९१) या खेळात ठोसा लागताच दोन्ही आकृती निमिषभर गोठतात. त्या गोठण्यामुळेच प्रहाराला वजन आल्याचा भास होतो. ‘हेलो’ (२००१) मध्ये नेम लक्ष्याच्या जवळ आला की प्रोग्रॅमच त्याला किंचित सावरून घेतो, आणि खेळाडूला मात्र आपलाच हात सफाईदार झाल्यासारखे वाटते. २०१६ च्या ‘डूम’मध्ये घायाळ झालेला दैत्य चमकू लागतो, त्याला जवळून ठार केले की खेळाडूची घटलेली प्राणशक्ती भरून निघते. तेव्हा मारणे हेच येथे औषध ठरते. या साऱ्या योजनांचा हेतू एकच: खेळाडूच्या इच्छेला जगाने तत्काळ आणि निःसंदिग्ध प्रतिसाद द्यावा.

लौकिक व्यवहारात असा प्रतिसाद जवळजवळ कधीच मिळत नाही. तेथे कृती आणि फळ यांच्यामध्ये कार्यालये असतात, माणसे असतात, वर्षे असतात. खेळातील झुंजीचे सुख हे मुख्यतः या अंतराच्या लोपाचे सुख आहे. ते क्रौर्याचे सुख आहे असे म्हणणे घाईचे होईल. ते कर्तृत्वाचे सुख आहे. चेंडू बॅटच्या मधोमध बसल्याचा आनंद आणि हा आनंद सजातीय आहेत. इतपत मान्य केल्यावाचून या विषयाची चर्चा प्रामाणिक होणार नाही.

मग येथे वीररसाची निष्पत्ती होते असे म्हणता येईल काय? रसविचारातील सामाजिक हा कृती करीत नाही. भट्टनायकाने मांडलेले साधारणीकरण शक्य होते, कारण रंगमंचावरील शत्रू सामाजिकाचा शत्रू नसतो आणि रंगमंचावरील शस्त्र त्याच्या हाती नसते. खेळाडू मात्र एकाच वेळी नट आणि सामाजिक असतो. त्याच्या बोटावाचून प्रहार घडतच नाही. त्यामुळे ‘हे केवळ प्रेक्षणीय होते’ हा आधार त्याला पुरेसा पडत नाही. उलट, ‘हे केवळ खोटे होते’ हा आधार त्याला खुला असतो, आणि तो खराही आहे. पडद्यावर कोणी मेलेले नसते. नैतिक प्रश्न उरतो तो मृत्यूचा नाही. मारण्याला दिलेल्या संमतीचा आहे.

येथे दोन प्रकारच्या सुलभता वेगळ्या करणे आवश्यक वाटते. एक हाताची: कळ दाबताच तलवार फिरते, गोळी लागते. दुसरी निवाड्याची: समोरचा वध्य आहे हे आपण पोहोचण्यापूर्वीच ठरलेले असते. ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’मधील (१९९२) नाझी शिपाई आणि ‘डूम’मधील (१९९३) दैत्य यांच्याविषयी खेळाडूला काहीही ठरवावे लागत नाही. त्यांचा खटला खेळाच्या बाहेर, आधीच निकाली निघालेला असतो. खेळाडूकडे येते ती केवळ अंमलबजावणी. हात मोकळा राहतो तो मन मोकळे केलेले असते म्हणून.

येथे एक आक्षेप संभवतो. झुंज कठीण केली की हा दोष नाहीसा होणार नाही काय? ‘डार्क सोल्स’ (२०११) या खेळात खेळाडू पुनःपुन्हा मरतो, प्रतिपक्षाची प्रत्येक हालचाल त्याला शिकावी लागते, आणि त्यामुळे प्रतिपक्षाविषयी एक प्रकारचा आदरही उत्पन्न होतो. परंतु हा आदर त्याच्या सामर्थ्याविषयीचा असतो. त्याला मारावे की नाही, हा प्रश्न अडचण वाढविल्याने उद्भवत नाही. मारल्याचे समाधान मात्र अधिक गोड होते. म्हणजे हाताची सुलभता काढून घेतली तरी निवाड्याची सुलभता अबाधित राहू शकते.

या संदर्भात संस्कृत नाट्यपरंपरेचा दाखला उद्बोधक ठरतो. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून सूचित कराव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. भासाचे म्हणून ओळखले जाणारे ‘ऊरुभंग’ हा दंडक अर्धा पाळते आणि अर्धा मोडते. भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध आपल्याला सैनिकांच्या वर्णनातूनच कळते. दुर्योधनाचे मरण मात्र रंगमंचावर घडते. दुर्योधनाचा निवाडा महाभारताने केव्हाच केलेला आहे. तरीही बापाच्या मोडलेल्या मांडीवर बसू पाहणारा लहानगा दुर्जय समोर येतो तेव्हा तो निवाडा प्रेक्षकाला पुरेनासा होतो. व्हिडिओ गेमने हा क्रम उलटा केला आहे. तेथे युद्ध संपूर्ण दिसते आणि मरण वगळले जाते. कित्येक खेळांत मेलेल्याचे शरीर काही क्षणांत पडद्यावरून नाहीसे होते.

हा क्रम माध्यमाच्या स्वभावातच आहे असे मात्र नाही. फुमितो उएदा यांच्या ‘शॅडो ऑफ द कोलोसस’मध्ये (२००५) एका मृत मुलीला परत आणण्यासाठी नायक सोळा महाकाय प्राण्यांना मारतो. त्यांचा अपराध काय, हे खेळ सांगत नाही. प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचे नव्हे, शोकाचे संगीत वाजते. आणि मागाहून त्या जागी परत गेल्यास त्याचे अवशेष ढिगाऱ्याच्या रूपात तेथेच पडलेले आढळतात. येथे हाताला मिळणारे समाधान हिरावून घेतलेले नाही. अंगावर चढून वर्मी घाव घालण्यातील थरार पुरेपूर आहे. फक्त त्याच्या पाठीशी असलेला निवाडा काढून घेतला आहे. याउलट ‘स्पेक ऑप्स: द लाइन’ (२०१२) खेळाडूला पांढऱ्या फॉस्फरसचा मारा करावयास भाग पाडतो आणि नंतर जळालेले नागरिक दाखवून त्यालाच दोषी ठरवितो. पर्याय न देता केलेला आरोप हाही एक आयता निवाडाच आहे. आरोपी तेवढा बदलला.

तेव्हा झुंज सुखद आहे एवढ्यावरून एखादा खेळ हीन ठरत नाही, आणि ती उत्तम ‘हाताला बसते’ एवढ्यावरून तो श्रेष्ठही ठरत नाही. या खेळांवरील पुष्कळशी समीक्षा दुसऱ्या विधानापाशी थांबते. तिने आणखी एक पाऊल पुढे टाकून विचारले पाहिजे की, ज्याला मारणे इतके सोपे केले गेले, तो वध्य आहे हे कोणी ठरविले, आणि ते ठरविताना खेळाडूला काय पाहू दिले नाही.