निष्काम कर्म आणि काचेचे घर

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते लिहून घेत होते. फळाची आसक्ती सोडून केलेले कर्म माणसाला बांधत नाही, हा त्या प्रवचनांतला विचार त्याच धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेड्याच्या वाचकाला परका नाही. त्याच वर्षी इटलीतल्या कोमो शहरात ज्युझेप्पे तेराग्नी हा तरुण वास्तुविशारद फॅसिस्ट पक्षाच्या कचेरीचा आराखडा आखत होता. १९३६ साली इमारत पुरी झाली. पांढरा संगमरवर, ३३.२० मीटरचा चौरस पाया आणि उंची त्याच्या बरोबर निम्मी. दर्शनी बाजूला काचेच्या दरवाजांची रांग, विजेवर एकदम उघडणारी, म्हणजे मेळाव्याच्या वेळी आतले दालन आणि बाहेरचा चौक एक व्हावेत. फॅसिझम म्हणजे कुणीही आत डोकावावे असे काचेचे घर, हे मुसोलिनीचे म्हणणे तेराग्नीने मनापासून मानले होते. तो भाडोत्री नव्हता, श्रद्धाळू होता. मग त्याचे कर्म निष्काम म्हणायचे का? आणि निष्काम म्हणून निर्दोषही?

माझे उत्तर नाही असे आहे. आसक्ती सुटली की कर्त्याचा लोभ गळतो. ते कर्म कोणाच्या कामी येते, हा प्रश्न तसाच उरतो. विरोधी पक्ष बंद केलेल्या आणि वृत्तपत्रे मुठीत घेतलेल्या राजवटीच्या कचेरीला पारदर्शक रूप देणे, हे देखणे असत्य होते. रूप निर्मळ, दोष फक्त मालकाचा, हा बचाव इथे लागू पडत नाही, कारण खोटे त्या काचेतूनच बोलले जात होते. कुणी म्हणेल, अर्जुनानेही सांगण्यावरूनच शस्त्र उचलले. आक्षेप वजनदार आहे. पण अर्जुन त्याआधी शंकांवर शंका काढतो, आणि अखेरीस कृष्ण त्याला सगळ्याचा विचार करून मग हवे ते कर म्हणतो. मुसोलिनीच्या इटलीत तरुणांना पढवले जाई ते एवढेच: विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा. शंकेला तिथे दारच नव्हते, काचेचेसुद्धा! पोटासाठी राबणाऱ्याचा प्रश्न वेगळा. बाऊहाऊस या जर्मन कलाशाळेत शिकलेला झांटी शाविन्स्की जर्मनी सोडून मिलानला आला होता. १९३४ साली त्याने गर्दीच्या छायाचित्रातून मुसोलिनीचा देह घडवणारे भित्तिपत्रक केले. कौशल्य अव्वल, शिवाय तो ज्यू होता. त्याला मी तेराग्नीपेक्षा सौम्यपणे तोलेन, पण निर्दोष म्हणणार नाही.

मग हे सारे पाडून टाकायचे का? तसे केले तर वेठबिगारीने उभे राहिलेले जगातले कितीतरी किल्ले आणि देवळेही पाडावी लागतील. आणि झाकून टाकणे हाही उपाय नव्हे. रोमच्या विद्यापीठात मारिओ सिरोनीने १९३५ साली रंगवलेल्या भित्तिचित्रावरची फॅसिस्ट चिन्हे युद्धानंतर रंग फासून झाकली गेली. २०१७ साली पुऱ्या झालेल्या जीर्णोद्धारात ती पुन्हा उघडी झाली. हे योग्यच झाले. चिन्हे झाकल्याने चित्र शुद्ध होत नाही, पाहणारा मात्र अडाणी राहतो.