हसण्याचा अधिकार

नोकरीत असताना नारायणगुड्याचा रस्ता मी सरकारी जीपच्या काचेतून पाहिला. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी चालण्याची सक्ती केली आणि सुलतान बाजाराकडच्या वाचनालयाची वाट मी पायी धरली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या भागातून मेट्रो सुरू झाली. नारायणगुडा आणि सुलतान बाजार ही तिची लागोपाठची स्थानके. तरी मी गाडीत न बसता तिच्या खांबांच्या सोबतीने चालत जातो.

वाटेवर करमणूक भरपूर. खांबाच्या सावलीत झोपलेले एक कुत्रे सावली सरकेल तसे सरकत असते. त्याच्यावरून घड्याळ लावावे. शिरस्त्राण कोपरात अडकवून स्कूटर पळवणारे तरुण पाहिले की वाटते, यांना डोक्यापेक्षा कोपर मोलाचे असावे. मेलकोटे उद्यानात फिरायला मोटारीने येणारी मंडळी दाराशीच जागा मिळावी म्हणून मोटारीतूनच दोन फेऱ्या मारतात. एक गृहस्थ तर दुसऱ्याच्या उभ्या मोटारीच्या आरशात रोज भांग पाडतात आणि जाताना आरसा पुसून ठेवतात. या साऱ्यांची वर्णने मी घरी जेवताना रंगवून सांगत असे.

एके दिवशी चहावाल्याने कप पुढे करीत सहज म्हटले, ''साब, आपकू हम लोगां पिलरसाब बोलते.'' प्रत्येक खांबाला छत्रीचे टोक लावून त्याचा क्रमांक मी पुटपुटतो, हे मला ठाऊकच नव्हते! जन्मभर फायलींवरचे क्रमांक तपासल्याचा हा परिणाम. भोवतालचे हसले, आरशाचे गृहस्थही हसले. क्षणभर राग आला, मग मीही हसलो.

परंतु घरी परतताना एक जुनी आठवण उफाळून आली. आमच्या कचेरीत अर्ज घेऊन येणारे एक खेडूत वृद्ध दाराबाहेर वहाणा काढत आणि चोरीला जातील या भीतीने त्या हातात धरूनच माझ्यासमोर उभे राहत. ते गेल्यावर आम्ही अधिकारी चहाच्या वेळी त्यांची नक्कल करून हसत असू. नक्कल मीच उत्तम करीत असे. त्यांच्या अर्जाचे पुढे काय झाले, ते मात्र मला आठवत नाही. नक्कल आठवते, अर्ज आठवत नाही!

दुसऱ्याला हसणे हा दोष आहे काय? मला तसे वाटत नाही. माणसाच्या तऱ्हा दिसू नयेत असे डोळे देवाने दिलेले नाहीत. प्रश्न एवढाच की, ज्याला आपण हसतो, त्याला उलट हसण्याची मुभा आहे की नाही. रस्त्यावर ती सर्वांना आहे. म्हणून तेथील हसण्यात शेजार आहे. माझ्या खोलीत ती त्या वृद्धांना नव्हती. हातात वहाणा आणि डोळ्यांत माझ्या सहीची वाट, अशा माणसाने माझ्या कोणत्या विचित्रपणाला हसावे?

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. तारुण्यात मी पहिला समास वाचताना ओळखीच्यांची नावे शोधत असे; दहाव्यापर्यंत मन लावून कधी पोहोचलोच नाही. आता तो पुन्हा वाचायला घेतला आहे.

खांब मोजणे मात्र सुटलेले नाही. चहावाला दुरूनच विचारतो, ''साब, सब बराबर?'' मी सांगतो, ''सब बराबर.'' त्या वृद्धांच्या बाबतीत असे उत्तर मला देता येत नाही.