जहाजाचें प्रायश्चित्त

व्होल्गा नदीवर 'अलेक्झांडर सुव्होरोव्ह' नांवाचें एक चारमजली प्रवासी जहाज अद्यापि फेऱ्या करतें. चेकोस्लोव्हाकियांतील कोमार्नो येथील गोदींत सोव्हिएट सरकारकरितां तें बांधलें गेलें; लांबी सुमारें १३५ मीटर. ता. ५ जून १९८३ च्या रात्रीं उल्यानोव्ह्स्क येथील रेल्वेच्या पुलाखालून जातांना, जहाजांसाठीं राखलेला गाळा सोडून तें भरवेगानें भलत्याच, ठेंगण्या गाळ्यांत शिरलें. पुलाच्या तुळयांनीं वरचा मजला सुकाणूघरासकट कापून नेला. पुलावरून त्याच वेळीं मालगाडी जात होती. तिचे डबे घसरून त्यांतील माल खालीं कोसळला. वरच्या चित्रपटगृहांत करमणुकीसाठीं जमलेल्या माणसांवर हा सारा घाला पडला. बळी पावणेदोनशेंच्या सुमारास गेले. सुकाणूवरचे लोक तेथेंच मेले. कप्तान वांचला, त्यास दहा वर्षांची शिक्षा झाली.

परंतु जहाजाचा तळ व यंत्रें शाबूत होतीं. तेव्हां वरचा भाग नवा करून तें त्याच नांवानें पुन्हां प्रवासास लावण्यांत आलें. हें योग्य झालें काय?

प्लेटोनें आपल्या 'लॉज' ग्रंथांत सांगितलें आहे कीं, एखाद्या निर्जीव वस्तूनें मनुष्यवध केल्यास ती राज्याच्या सीमेबाहेर टाकावी. इंग्लंडांत तर प्राण घेणारी वस्तु राजाकडे जप्त करण्याचा कायदा १८४६ पर्यंत होता. विद्यार्थी हें ऐकून हंसतात. पण ज्या विहिरींत कोणी जीव दिला तिचें पाणी आम्ही स्वतः कितीदां टाळलें, हें आम्ही वर्गांत सांगत नाहीं. मिलिंद राजाला नागसेनानें घातलेलें रथाचें कोडें येथें कोणी पुढें करील : तुळया नव्या, मजला नवा, मग जहाज तें कोठें राहिलें? हा युक्तिवाद आम्हांस पळवाटेसारखा वाटतो. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांच्या लेखीं जहाज तेंच आहे.

दुसरें उदाहरण पाहा. त्याच नदीवर, उल्यानोव्ह्स्कच्या वरच्या अंगास, २०११ सालीं 'बुल्गारिया' हें १९५५ चें जहाज बुडालें व १२२ माणसें दगावलीं. तें वर काढून पुढें मोडींत घातलें. लोकांस बरें वाटलें असेल. पण ज्या बेपर्वाईनें तें वादळांत हांकारलें गेलें ती लोखंडाबरोबर वितळत नाहीं. जहाज मोडणें हें कित्येकदां माणसांच्या दोषावर पांघरूण घालणें होय.

म्हणून 'सुव्होरोव्ह' चालूं राहिलें याबद्दल आमची तक्रार नाहीं, आणि नांव न बदलल्याबद्दल तर आम्ही त्याची प्रशंसाच करूं. हेतु कदाचित् निव्वळ काटकसरीचा असेल. तक्रार निराळी आहे. त्या वेळीं सोव्हिएट वृत्तपत्रांनीं या घटनेस अगदीं त्रोटक जागा दिली. दुरुस्तीबरोबर मौनही चढविलें, तर दुरुस्तीचा अर्थ पालटतो. तिकीट काढणाऱ्यास खरी हकीकत सांगितली पाहिजे. मग चढावें कीं न चढावें हें त्यानें ठरवावें.

आम्ही हा प्रश्न घरांत विचारला. पत्नी म्हणाली, "आधीं कोणी सांगणार असेल तर मी बसेन." आम्ही तेवढ्यानें बसूं, अशी खात्री मात्र आमच्यानें देववत नाहीं.