न मोडलेली कांडी

पहाट आहे. पूर्वेला अजून फटफटायचं आहे.

बांधावर शेराचं कुंपण उभं आहे. त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून बसा. मांडी घाला, नाहीतर एखाद्या दगडावर टेका. हात मांडीवर सैल राहू द्या.

काही करायचं नाही. फक्त एक कांडी निवडायची.

डोळ्यांसमोर येईल अशी, करंगळीहून बारीक. गोल, गुळगुळीत, हिरवी. पानं जवळजवळ नाहीतच. अगदी शेंड्याला दोन-चार इवली पानं असतील. तीही लवकरच गळतील. पानांचं काम इथे कांडीच करते.

तिच्याकडे पाहा.

श्वास घ्या. सोडा.

कांडीनंही रात्रभर हवा आत घेतली आहे. तिच्या सालीवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आहेत. ती रात्री उघडतात, कारण रात्री उघडली तर पाणी कमी उडतं. रात्रीच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड कांडी आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि ऊन आलं की त्याचं अन्न करते.

आता उजाडेल. छिद्रं मिटत चालली आहेत.

श्वास घ्या. ती मिटत आहेत. सोडा. ती मिटत आहेत.

इथे जरा थांबा.

आता सालीच्या आत जायचं आहे. न कापता.

शेर आपल्याला ठाऊक असतो तो चिकामुळे. कांडी मोडली की टपटप पांढरं गळतं, आणि मागून कुणीतरी मोठं माणूस ओरडतं, ‘डोळ्याला हात लावू नकोस!’ ते ओरडणं खरं असतं. हा चीक डोळ्यात गेला तर डोळा जळतो, सुजतो, काही काळ दिसेनासंही होऊ शकतं. म्हणूनच तर गुरं या कुंपणाला तोंड लावत नाहीत.

पण मोडल्यावर हाती येतं ते चिकाचं सांडणं. आज सांडण्याआधीचं पाहू.

कांडी तशीच राहू द्या.

साल. सालीखाली हिरव्या, मऊ पेशींचा थर. त्याच्या आत अन्न नेणाऱ्या नळ्या, आणखी आत पाणी चढवणाऱ्या. मधोमध गाभा.

आणि त्या हिरव्या थरातून, अन्नाच्या नळ्यांच्या अगदी जवळून, काहीतरी लांबच लांब गेलेलं आहे. त्याला फांद्या फुटल्या आहेत. मऊ भिंतीचं, चिकानं काठोकाठ भरलेलं.

त्याच्याशी थांबा. घाई नको.

हे लांबच लांब जे आहे, ती एकच पेशी आहे.

पुन्हा ऐका. एकच पेशी. मध्ये कुठे पडदा नाही, सांधा नाही. ती कांडीतून वर जाते, खाली जाते, पेरापाशी फाटा फुटून बाजूच्या फांदीत शिरते. एक फाटा दुसऱ्याला जोडला जात नाही. प्रत्येक आपल्या वाटेनं जातो आणि तरी सगळे मिळून ती एकच असते. वनस्पतींच्या सर्वांत लांब पेशींमध्ये हिची गणना होते.

नजर कांडीवरून सावकाश वर न्या. पेर. कांडी. पेर. कांडी. शेंडा.

तेवढीच सावकाश खाली आणा. जमिनीपर्यंत. जमिनीखालीही ती आहे.

श्वास तिच्या लांबीनं घ्या.

आता शेंड्यावर या. अगदी टोकाला, जिथे झाड नवं होत असतं, तिथे या पेशीचीही टोकं आहेत. शेंडा वाढतो तशी तीही वाढतात. शेजारच्या दोन पेशींना बांधून ठेवणारा पातळ थर जरासा सैल होतो आणि हे टोक त्या फटीत शिरतं. कुणाला फोडत नाही. दोघींच्या मधून वाट काढतं.

थोडं पुढे. पुन्हा थोडं पुढे.

डोळे मिटून ते टोक मनात धरा. दोन पेशी. मध्ये केसाहून बारीक फट. त्या फटीत काहीतरी मऊ सरकतं आहे.

कितीही वेळ घ्या.

ही पेशी सुरू कुठे झाली? तिच्या मागे मागे जाऊ. शेंड्यावरून खाली, कांडीतून, बुंध्यातून, आणि मग काळातही मागे. झाड लहान होऊ द्या. रोप होऊ द्या. रोपाचं बी होऊ द्या.

बियात गर्भ आहे. इतका कोवळा की त्याला बीजपत्रं आत्ता कुठे उगवत आहेत, दोन बारीक उंचवट्यांसारखी. मूळ नाही, पान नाही, हिरवेपणा नाही.

आणि त्या उंचवट्यांच्या तळाशी, कडेकडेनं वर्तुळ धरून, काही पेशी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसू लागल्या आहेत. जरा मोठ्या, आतून दाट. चिकाच्या पेशी सुरू होतात त्या इथे.

त्या मोजक्याच असतात. कण्हेरीच्या गर्भात त्यांची गणती झाली आहे. पॉल माहलबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1961 साली ती केली आणि आकडा आला 28. साऱ्या कण्हेरीसाठी 28. शेराच्या वंशातल्या काही जातींत तर त्याहूनही कमी.

आणि मोठ्या झाडात या पेशी नव्यानं जन्मत नाहीत. याच वाढत राहतात. बी पिकण्याआधीच त्यांचे फाटे बीजपत्रांत गेलेले असतात, मुळाकडे उतरलेले असतात.

यावर मी अनेकदा मन लावून बसतो आणि दर वेळी अवाक होतो. या पेशीनं पहिलं पान उघडताना आतून पाहिलं आहे. पहिलं मूळ मातीला लागलं तेव्हा ती तिथे होती. झाडाचं सगळं वय तिचं आहे.

समोरच्या कांडीकडे पुन्हा पाहा. तिच्यातही ती आहे.

श्वास घ्या. सोडा.

एवढ्या लांब पेशीत एकच केंद्रक कसं पुरेल? पुरत नाही. केंद्रकाची दोन होतात, दोनाची चार, पण त्यांच्यामध्ये भिंत उभी राहत नाही. ती एकाच घरात राहतात. पेशी वाढते आणि आत केंद्रकं वाढत जातात.

ही विभागणीही कशी होते, ते पाहा. युफोर्बिया मार्जिनाटा ही शेराच्याच वंशातली अमेरिकेतली वनस्पती. तिच्या चिकाच्या पेशींत माहलबर्ग आणि पी. एस. सबरवाल यांना विभागणीची लाट दिसली. 1966 साली त्यांनी ती ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. एका ठिकाणचं केंद्रक विभागू लागतं, मग त्याच्या पलीकडचं, मग त्याच्या पलीकडचं. लाट पेशीतून पुढे पुढे सरकत जाते.

ही लाट आत येऊ द्या.

श्वास घेताना ती निघते. सोडताना पुढे जाते.

निघते. पुढे जाते.

विचार आला तर येऊ द्या. लाट चालूच आहे.

आता चिकाकडे. तो आत कसा आहे?

त्यात पाणी आहे. पाण्यात अतिसूक्ष्म कण तरंगत आहेत, रबरासारख्या द्रव्यांचे आणि राळेसारख्या द्रव्यांचे. हे कण उजेड चहूकडे विखुरतात आणि आपल्याला पांढरं दिसतं. अजून उजेड फारसा नाही. कांडीच्या आत तर नाहीच. या घडीला तिथे पांढरं असं काही नाही.

हे मनात मुरू द्या.

त्या चिकात पिष्टाचे कणही आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते हाडासारखे दिसतात: मधे दांडा, दोन्ही टोकांना फुगवटे. पिष्ट म्हणजे झाडाची शिदोरी. पण या वंशातली झाडं अंधारात उपाशी ठेवली, तरी हे कण खर्ची पडत नाहीत. बाहेर भूक लागते आणि ते तसेच तरंगत राहतात.

मला या झाडात सर्वांत जवळचं काय वाटतं, तर हे कण. इंधनासाठी, औषधासाठी या चिकाकडे पुष्कळांनी पाहिलं आहे. नोबेल मिळवणारे रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांनी 1970 च्या दशकात शेराच्या चिकातून तेल काढण्याचा ध्यास घेतला होता. ते सगळं आज बाजूला राहू द्या. त्या न खर्चलेल्या कणांपाशी बसा.

आणि चीक वाहत नाही.

एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या कार्ल हाइनरिश शुल्ट्झ यांना वाटलं होतं, प्राण्यांच्या अंगात रक्त फिरतं तसा झाडात चीक फिरतो. पण धड असलेल्या झाडात तो फिरत नाही. कापल्यावर दाब सुटतो, आणि दाब सुटला की तो धावतो. न मोडलेल्या कांडीत तो भरलेला असतो. चारी बाजूंनी ताणलेला आणि जागच्या जागी.

रबराच्या झाडात हा ताण पहाटे सर्वांत जास्त असतो. केरळात रबराच्या मळ्यांतले कामगार म्हणूनच भल्या पहाटे झाडाला चीर देतात. ऊन चढलं की त्या झाडांच्या पानांतून पाणी उडू लागतं आणि दाब उतरतो.

आत्ता पहाट आहे. कांडी गच्च भरलेली आहे.

भरलेपण. हालचाल नाही. नुसतं भरलेपण.

छातीत, पोटात, तळहातांत ते कुठे जाणवतं का, पाहा. नाही जाणवलं तरी हरकत नाही.

किती वेळ झाला, बघू नका.

आता नजर सैल करा आणि सगळं कुंपण पाहा. शेर मूळचा आफ्रिकेचा. आपल्याकडे हे कुंपण बी पेरून क्वचितच होतं. जुन्या झाडाची फांदी तोडतात, चीक सुकू देतात आणि पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचतात. ती जगते.

तोडली तिथे चीक घट्ट होतो आणि पेशीचं तोंड बंद होतं. पण फांदीच्या डोळ्यांमध्ये आणि शेंड्यात तिची कोवळी टोकं शाबूत असतात. तीच पुढे वाढतात. समोरचं प्रत्येक झाड आधीच्या एखाद्या झाडाची फांदी आहे, आणि ते त्याच्या आधीच्याची. अशा किती फांद्या मागे गेलं म्हणजे बी लागेल, कुणाला ठाऊक. पण लागेल तिथेही बीजपत्रांच्या तळाशी त्या मोजक्या पेशी असतील.

उजाडलं आहे. छिद्रं मिटली आहेत.

चिकाच्या वनस्पती जगात 20,000 हून अधिक आहेत, 40 हून अधिक कुळांत विखुरलेल्या. सगळ्यांची रीत एक नाही. उद्या जमलं तर परसातल्या पपईपाशी बसा, किंवा चिकूपाशी. तिथे एक पेशी वाढत जात नाही. पुष्कळ पेशी एकापुढे एक रांगेत उभ्या राहतात आणि दोघींमधली भिंत हळूहळू विरघळते, पुरती किंवा मधेच भोक पडून. रांगेची नळी होते. पपईत तर शेजारशेजारच्या रांगाही एकमेकींना जोडल्या जातात आणि जाळं तयार होतं. तिथे बसताना लांबीकडे पाहू नका. दोन पेशींमधली ती एक भिंत निवडा, आणि ती विरत असताना तिच्यापाशी थांबा.